टर्मिनलमध्ये दाबलेली कळ कोण ऐकते

कमांड लाइनच्या शॉर्टकटांच्या याद्या हव्या तितक्या मिळतात, तरीही टर्मिनलवर वर्षानुवर्षे काम करणारी बरीच मंडळी लांबलचक कमांडच्या सुरुवातीची एक चूक सुधारण्यासाठी डाव्या बाणाची कळ दाबून धरून बसलेली दिसतात. याद्या लक्षात राहत नाहीत याचे मुख्य कारण असे की त्यांत शेजारीशेजारी छापलेल्या कळांचा एकमेकींशी बहुधा काही संबंधच नसतो. कंट्रोल-सी ही कळ कर्नेलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, टर्मिनल ड्रायव्हर ऐकतो, कंट्रोल-ए ही कळ ओळीचे संपादन सांभाळणारी रीडलाइन नावाची लायब्ररी ऐकते, आणि ‘!!’ ही जोडी एंटर दाबल्यानंतर खुद्द शेल, म्हणजे कमांड घेऊन ती चालवणारा प्रोग्राम, वाचतो. या तिघांची कामे वेगळी आहेत आणि त्यांची सेटिंग्जही वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. त्यामुळे एखादी कळ चालेनाशी झाली की कोणाकडे पाहायचे हे ठरवण्यासाठी तिघांतला फरक माहीत असावा लागतो, आणि तो माहीत असला की पाठांतराचे ओझेही बरेच हलके होते.

पुढचे विवेचन लिनक्सवरील बॅश या शेलला धरून केले आहे. ब्रायन फॉक्स यांनी 1989 मध्ये जीएनयू प्रकल्पासाठी लिहिलेला हा शेल आज बहुतेक सर्व्हरांवर आणि विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्येही भेटतो. मॅकवर 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून झेडएसएच हा मूळ शेल झाला असून त्यात जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. कमांडची नावे येथे देवनागरीत लिहिली असली तरी टाइप करताना ती रोमी लिपीतल्या लहान अक्षरांतच करायची आहेत, म्हणून जिथे उच्चारावरून घोटाळा होऊ शकतो तिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत. ‘कंट्रोल-ए’ म्हणजे कंट्रोल दाबून ठेवून ए दाबणे, आणि ‘ऑल्ट-बी’ म्हणजे त्याच रीतीने ऑल्टसह बी.

फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी एक छोटा प्रयोग करावा. प्रॉम्प्टवर, म्हणजे शेल कमांडची वाट पाहत असतो त्या ओळीवर, कॅट (सी-ए-टी) एवढेच लिहून एंटर दाबावे. फाइलचे नाव न दिल्यामुळे कॅट कळफलकावरून मजकूर येण्याची वाट पाहत थांबतो. आता चारपाच शब्द टाइप करावेत, पण एंटर दाबू नये. डावा बाण दाबला तर कर्सर मागे सरकत नाही, त्याऐवजी ‘^[[’ आणि त्याला चिकटून रोमी डी अशी विचित्र अक्षरे उमटतात. कंट्रोल-ए दाबल्यास ओळीच्या आरंभी जाण्याऐवजी टोपीचे चिन्ह आणि ए एवढे दिसते. पण कंट्रोल-डब्ल्यू दाबताच शेवटचा शब्द पुसला जातो आणि कंट्रोल-यू दाबताच सगळी ओळ नाहीशी होते. शेवटी रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी दाबले की कॅट संपतो आणि प्रॉम्प्ट परत येतो.

कॅटला ओळीचे संपादन मुळीच येत नाही, त्यामुळे जे काही पुसले गेले ते त्याने पुसलेले नव्हते. एंटर दाबेपर्यंतची ओळ ड्रायव्हर स्वतःजवळ राखून ठेवतो आणि शब्द पुसणे, ओळ पुसणे, ओळ संपवून पुढे देणे अशी मोजकी कामे तोच करतो. बाण, कंट्रोल-ए, कंट्रोल-आर ही सारी सोय रीडलाइनची आहे, आणि ती बॅशच्या प्रॉम्प्टवरच मिळते किंवा रीडलाइन वापरणाऱ्या इतर प्रोग्रामांत मिळते. जीडीबी हा प्रोग्राममधल्या चुका शोधणारा डीबगर आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचा पीएसक्यूएल यांत त्याच कळा चालतात त्या यामुळेच. मॅकच्या बहुतेक मजकूर-चौकटींतही कंट्रोल-ए, कंट्रोल-ई आणि कंट्रोल-के चालतात, हे अनेक मॅकधारकांच्या गावीही नसते.

ड्रायव्हरच्या कळांची यादी पाहायची असेल तर एसटीटीवाय, म्हणजे एस-टी-टी-वाय, ही कमांड ‘-ए’ या पर्यायासह चालवावी. त्या उत्तरात प्रत्येक कामापुढे टोपीचे चिन्ह आणि एक अक्षर दिलेले असते. या खुणेमागे 1963 च्या आस्की संकेतमालेची व्यवस्था आहे. कंट्रोल कळ अक्षराच्या संकेतांकातले वरचे बिट काढून टाकते, म्हणून 65 क्रमांकाचा मोठा ए हा 1 होतो, आणि पुढे अक्षरांच्या क्रमाने झेडपर्यंत 26. वर्णमालेतले नववे अक्षर आय असल्यामुळे कंट्रोल-आय म्हणजेच टॅब, तेरावे एम असल्यामुळे कंट्रोल-एम म्हणजेच एंटर, आणि कंट्रोलसह डावा चौकटी कंस म्हणजे एस्केप. ही निव्वळ ऐतिहासिक माहिती वाटेल, पण तिचा व्यवहारात उपयोग होतो. पारंपरिक टर्मिनलमध्ये कंट्रोल-आयला टॅबपेक्षा निराळे काम का देता येत नाही, किंवा कंट्रोलसोबत शिफ्ट दाबल्याने अक्षरकळेत फरक का पडत नाही, हे यातून कळते.

या थरातल्या कळांपैकी कंट्रोल-सी सर्वांना ठाऊक असते. ती पुढे चालू असलेल्या प्रोग्रामला थांबण्याचा सिग्नल पाठवते. पण तो सिग्नल मानायचा की नाही हे प्रोग्राम ठरवू शकतो. तो दाद देत नसेल तर कंट्रोलसह उलटी तिरपी रेघ (\) दाबून अधिक कडक सिग्नल देता येतो. जावाचा प्रोग्राम मात्र त्यानेही मरत नाही. उलट आपले सगळे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चाललेले कामाचे धागे, कुठे अडकले आहेत त्याची यादी छापतो, आणि ती यादी पुष्कळदा प्रोग्राम मरण्यापेक्षा अधिक उपयोगाची असते.

कंट्रोल-झेड बाबत गैरसमज फार. ती प्रोग्राम बंद करते असे समजून नवशिके ती सर्रास दाबतात. वास्तविक ती प्रोग्रामला आहे त्या स्थितीत गोठवते. त्याने घेतलेली मेमरी आणि उघडलेल्या फाइली तशाच राहतात. संपादक असा गोठवून तीच फाइल दुसऱ्यांदा उघडली की ‘ही फाइल आधीच उघडलेली आहे’ असा विम या संपादकाचा इशारा येतो, तो याच कारणाने. गोठवलेली कामे जॉब्ज या कमांडने दिसतात, एफजी या कमांडने शेवटचे काम पुढे येते आणि बीजी या कमांडने ते मागच्या बाजूला चालू होते. एखादी मोठी नक्कल सुरू करून ठेवल्यावर प्रॉम्प्ट हवा झाला तर कंट्रोल-झेड आणि लगेच बीजी, ही जोडी कायमची लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कंट्रोल-डी हा सिग्नल नाही. ‘माझ्याकडून मजकूर संपला’ एवढेच ती सांगते, आणि म्हणून रिकाम्या प्रॉम्प्टवर ती दाबली की शेल बंद होतो. ओळीत काही लिहिलेले असेल तर रीडलाइन तिचा वेगळा अर्थ घेते आणि कर्सरखालचे अक्षर खोडते. अक्षरे खोडता खोडता ओळ रिकामी झाली आणि बोट थांबले नाही तर सर्व्हरवरचे सत्रच संपते. ज्यांच्या हातून असे वारंवार होते त्यांनी बॅशच्या सेटिंगांत इग्नोरईओएफ हे चल, सगळी अक्षरे मोठी करून, 1 एवढ्या किमतीचे ठेवावे. मग शेल बंद होण्यासाठी ती कळ लागोपाठ दोनदा दाबावी लागते.

याच थरात कंट्रोल-एस आणि कंट्रोल-क्यू ही जुनी जोडी आहे. टेलिटाइपच्या जमान्यात समोरून येणारा मजकूर यंत्राला पेलत नसेल तर तो रोखण्यासाठी पहिली आणि पुन्हा सुरू करण्यासाठी दुसरी होती. आज मजकूर रोखण्याची गरज सहसा पडत नाही, पण विंडोजच्या सवयीने ‘सेव्ह’ म्हणून बोट कंट्रोल-एसवर जाते, पडदा गोठतो आणि टर्मिनल अडकले असे समजून खिडकी बंद केली जाते. अशा वेळी आधी कंट्रोल-क्यू दाबून पाहावे. हा रोख कायमचा काढायचा असेल तर घरच्या फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ या बॅशच्या सेटिंगांच्या फाइलमध्ये ‘एसटीटीवाय -आयएक्सओएन’ ही ओळ लिहावी. त्याचा आणखी एक लाभ पुढे हिस्टरीच्या संदर्भात दिसेल.

आता रीडलाइन. तिचे मूळ लेखकही फॉक्सच, आणि बॅश व रीडलाइन या दोन्हींचा सांभाळ पुढे चेट रॅमी यांनी केला. तिच्या मूळ कळा ईमॅक्स या संपादकावरून घेतलेल्या आहेत. कंट्रोल-ए आरंभी नेते आणि कंट्रोल-ई शेवटी. ऑल्ट-बी एक शब्द मागे नेते, ऑल्ट-एफ एक शब्द पुढे. एकेका अक्षराने सरकण्यासाठी कंट्रोल-बी आणि कंट्रोल-एफ आहेत, पण त्यासाठी बाण पुरेसे आहेत आणि माझ्या मते त्या शिकण्यात वेळ घालवू नये.

खरी सोय खोडण्याच्या कळांत आहे. कंट्रोल-के कर्सरपासून पुढचे सगळे काढते आणि कंट्रोल-यू कर्सरच्या मागचे सगळे काढते. झेडएसएचमध्ये मात्र कंट्रोल-यू कर्सर कुठेही असला तरी पूर्ण ओळ काढते, आणि दोन्ही शेल आलटूनपालटून वापरणाऱ्याला हा फरक फार छळतो. अशा रीतीने काढलेला मजकूर फेकला जात नाही. रीडलाइन तो साठवून ठेवते आणि कंट्रोल-वायने तो कर्सरच्या जागी परत येतो. लागोपाठ काढलेले तुकडे एकत्र जोडून एकच तुकडा म्हणून साठवले जातात. कंट्रोल-वायनंतर ऑल्ट-वाय दाबत गेले की त्यापूर्वी साठवलेले तुकडे एकामागून एक समोर येतात.

याचा उपयोग कसा होतो ते पाहू. समजा, एका फोल्डरची नक्कल दूरच्या सर्व्हरवर पाठवण्यासाठी आरसिंक, म्हणजे आर-एस-वाय-एन-सी, या कमांडची ओळ लिहिली आहे. पाचसहा पर्याय आहेत, दोन वगळायच्या फाइलींची नावे आहेत, शेवटी सर्व्हरचा लांब पत्ता आहे. आणि एंटरवर बोट असतानाच लक्षात येते की तिकडचे फोल्डर अजून तयारच केलेले नाही. अशा वेळी बहुतेक जण ओळ माउसने निवडून कुठेतरी चिकटवून ठेवतात किंवा दुसरे टर्मिनल उघडतात. त्याऐवजी ओळीच्या शेवटी असताना कंट्रोल-यू दाबावे; ओळ नाहीशी होते आणि प्रॉम्प्ट मोकळा होतो. फोल्डर तयार करण्याची कमांड चालवावी, ती यशस्वी झाल्याचे पाहावे आणि कंट्रोल-वाय दाबावे. आरसिंकची सगळी ओळ, एका अक्षराचाही फरक न होता, पुन्हा हजर होते. ज्याला फक्त एकच नवी गोष्ट शिकायची असेल त्याने हीच शिकावी.

शब्द खोडण्याच्या दोन कळांत एक सूक्ष्म भेद आहे. कंट्रोल-डब्ल्यू मागच्या मोकळ्या जागेपर्यंत सगळे काढते, तर ऑल्ट-बॅकस्पेस अक्षरे व अंक यांच्या पलीकडचे कोणतेही चिन्ह भेटले की थांबते. ओळीच्या शेवटी ‘/व्हार/लॉग/एनजिनएक्स/ॲक्सेस.लॉग’ असा पत्ता असेल तर कंट्रोल-डब्ल्यूने तो समूळ जातो. ऑल्ट-बॅकस्पेसने मात्र आधी शेवटचे ‘लॉग’ जाते, पुन्हा दाबल्यावर ‘ॲक्सेस’ त्याच्या टिंबासह जाते आणि फोल्डरपर्यंतचा भाग शाबूत राहतो. फाइल बदलायची पण फोल्डर तेच ठेवायचे, अशी गरज दिवसात कितीतरी वेळा पडते.

चुकून जास्त खोडले गेले तर कंट्रोलसह अधोरेख (_) दाबून एकेक पायरी मागे जाता येते. ओळ फारच वाढली आणि प्रॉम्प्टवर आवरेनाशी झाली तर कंट्रोल-एक्स व लगेच कंट्रोल-ई दाबावे; ती ओळ पूर्ण संपादकात उघडते. मात्र संपादकातून बाहेर पडताच ती कमांड तत्काळ चालते हे विसरू नये. विचार बदलला असेल तर सगळा मजकूर पुसून, रिकामी फाइल सेव्ह करूनच बाहेर पडावे.

हिस्टरी म्हणजे आधी दिलेल्या कमांडची नोंदवही. वरचा बाण दाबत तिच्यातून मागे जाणे हा शोधण्याचा सर्वांत मंद मार्ग आहे. कंट्रोल-आर दाबून कमांडमधला कोणताही तुकडा टाइप करावा. तो ज्या सर्वांत अलीकडच्या कमांडमध्ये आला असेल ती दिसते आणि पुन्हा कंट्रोल-आर दाबल्यास त्याहून जुनी. येथे आद्याक्षरे देण्याचे कारण नाही. उलट त्या कमांडमधली वेगळी ओळखण्याजोगी गोष्ट द्यावी, जसे सर्व्हरचे नाव किंवा फाइलचे नाव. शोधता शोधता पुढे निघून गेल्यास कंट्रोल-एस उलट दिशेने आणते, पण ड्रायव्हर ती वाटेतच अडवतो; वर सांगितलेली ‘-आयएक्सओएन’ची ओळ लिहिली असेल तरच ती रीडलाइनपर्यंत पोहोचते. हवी ती कमांड सापडल्यावर सरळ एंटर दाबले तर ती लगेच चालते. म्हणून काही खोडणारी किंवा हलवणारी कमांड असेल तर आधी कंट्रोल-ई दाबून ती प्रॉम्प्टवर घ्यावी, शेवटपर्यंत वाचावी, आणि मगच पुढे जावे. शोध सोडून द्यायचा असेल तर कंट्रोल-जी.

दोनतीन कमांड ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा द्याव्या लागत असतील तर कंट्रोल-ओ वापरून पाहावी. हिस्टरीतून त्यांतली पहिली काढून एंटरऐवजी कंट्रोल-ओ दाबले की ती चालते आणि तिच्यानंतरची कमांड आपोआप प्रॉम्प्टवर येते. मॅकवर ही कळ ड्रायव्हरने आपल्या कामासाठी राखून ठेवलेली असते, त्यामुळे तेथे ती आधी एसटीटीवायनेच सोडवून घ्यावी लागते.

आधीच्या कमांडचा शेवटचा शब्द पुन्हा हवा असेल तर ऑल्टसह पूर्णविरामाची कळ दाबावी. फोल्डर तयार केले आणि लगेच त्यातच जायचे आहे, अशा वेळी पत्ता पुन्हा लिहावा लागत नाही; कळ पुन्हा दाबली तर त्याहून आधीच्या कमांडचा शेवटचा शब्द येतो. हेच काम ‘!$’ या चिन्हांनीही होते, पण ती शेल एंटरनंतर उलगडतो, त्यामुळे प्रत्यक्षात काय चालणार ते आधी दिसत नाही. मला ऑल्टची रीत अधिक विश्वासाची वाटते. याला एक अपवाद आहे. परवानगी नाही म्हणून कमांड नाकारली गेली तर सुडू, म्हणजे एस-यू-डी-ओ, लिहून मोकळी जागा सोडून ‘!!’ लिहावे, आधीची संपूर्ण कमांड वाढीव अधिकाराने चालते. नुकतीच दिलेली कमांड समोरच असते, म्हणून येथे धोका कमी.

नोंदवहीच्या सेटिंगांकडे फार कमी लोक लक्ष देतात. बॅश मुळात 500 कमांड लक्षात ठेवतो आणि त्या फाइलमध्ये लिहितो तो शेल बंद होतानाच. शिवाय मूळ सेटिंगमध्ये तो आधीच्या फाइलवरच लिहितो, त्यामुळे दोन खिडक्या उघड्या असल्या की शेवटी बंद झालेली खिडकी पहिलीच्या नोंदी पुसून टाकते. उबुंटू व डेबियन यांच्या तयार ‘.बॅशआरसी’मध्ये ही मर्यादा 1000 केलेली असते, नव्या नोंदी जुन्यांच्या शेवटी जोडणारा हिस्टअपेंड हा पर्याय चालू असतो, आणि आरंभी मोकळी जागा सोडून लिहिलेली कमांड नोंदवली जाऊ नये अशीही व्यवस्था असते. ही शेवटची सोय पासवर्ड लपवण्यासाठी वापरली जाते. परंतु कमांडमध्ये लिहिलेला पासवर्ड, ती चालू असेपर्यंत, चालू प्रोग्रामांची यादी देणाऱ्या पीएस या कमांडने त्याच संगणकावरच्या इतरांना दिसू शकतो. तेव्हा प्रोग्राम स्वतः विचारेल तेव्हाच पासवर्ड द्यावा.

टॅबने नाव पूर्ण करून घेणे सर्वांना येते, म्हणून त्याविषयी एवढेच की एकदा दाबून काही झाले नाही तर दुसऱ्यांदा दाबावे. जुळणारी सगळी नावे खाली दिसतात.

या सगळ्या कळांचे चीज होते ते युटिलिटी जोडून कमांड रचताना. एका प्रोग्रामचा निकाल दुसऱ्याला देणारी उभी रेघ, म्हणजे पाइप (|), ही डग्लस मॅकइलरॉय यांच्या आग्रहामुळे 1973 मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये आणली. तेव्हापासून छोट्या प्रोग्रामांची साखळी करण्याची रीत रुळली आहे. वर आलेली एनजिनएक्स या वेब सर्व्हरची लॉग फाइल, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंद, घेऊ. तिच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक ओळीचा पहिला शब्द पाहुण्याचा आयपी पत्ता असतो, आणि कोणत्या पत्त्यावरून सर्वाधिक विनंत्या आल्या हे शोधायचे आहे.

सगळी साखळी एका दमात लिहू नये. आधी हेड, म्हणजे एच-ई-ए-डी, या कमांडने फाइलच्या पहिल्या 10 ओळी पाहाव्यात आणि मांडणी खरोखर तशीच आहे याची खात्री करावी. मग कट, म्हणजे सी-यू-टी, ही कमांड द्यावी. तिला ‘-डी’ या पर्यायाने मोकळी जागा हा विभाजक आणि ‘-एफ1’ या पर्यायाने पहिला स्तंभ सांगावा. निकाल पडदाभर वाहू लागेल, कंट्रोल-सीने थांबवावा. आता वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणावी. कर्सर शेवटी असतोच. पाइप लिहून सॉर्ट जोडावे. पुन्हा वरचा बाण, पाइप आणि युनिक, म्हणजे यू-एन-आय-क्यू, त्याच्या ‘-सी’ या पर्यायासह. युनिक फक्त लागून आलेल्या सारख्या ओळी ओळखतो, म्हणून त्याच्याआधी सॉर्ट अपरिहार्य आहे; तो वगळला तर आकडे चुकतात आणि चूक झाल्याची कसलीही सूचना मिळत नाही. पुढच्या खेपेस ‘-आरएन’ या पर्यायासह दुसरा सॉर्ट, म्हणजे संख्येनुसार उतरता क्रम, आणि शेवटी हेड. प्रत्येक पायरीला निकाल डोळ्यांखालून जात असल्यामुळे कुठे बिघडले ते तिथल्या तिथे दिसते.

निकाल मोठा असेल तर तो लेस, म्हणजे एल-ई-एस-एस, या वाचकात द्यावा. त्यात तिरपी रेघ (/) लिहून शब्द शोधता येतो, एन ने पुढचा सापडतो, मोठ्या जी ने शेवटी जाता येते आणि क्यू ने बाहेर पडता येते. मोठा एफ दाबला तर फाइलमध्ये नव्याने येणाऱ्या ओळी तो दाखवत राहतो आणि कंट्रोल-सी दाबल्यावर पुन्हा वाचनाकडे वळतो, त्यामुळे लॉग पाहताना फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवणाऱ्या टेल या कमांडपेक्षा हाच सोयीचा पडतो. मॅन कमांडची मदतपाने बहुतेक ठिकाणी लेसमध्येच उघडतात, तेव्हा याच कळा तिथेही उपयोगी पडतात.

मराठी मजकुरावर या युटिलिटी चालवताना थोडे सावध राहावे लागते. इको कमांडने ‘मराठी’ हा शब्द छापून तो मोजणी करणाऱ्या डब्ल्यूसी या कमांडला ‘-सी’ पर्यायासह दिला तर बाइटची संख्या 16 येते, आणि ‘-एम’ पर्यायासह, यूटीएफ-8 लोकेलमध्ये (भाषा व लिपीच्या सेटिंगमध्ये), वर्णांची संख्या 6 येते. आपल्या डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात. पण संगणकाच्या हिशेबी दोन स्वरचिन्हे वेगळी धरून पाच वर्ण, प्रत्येकाचे 3 बाइट, आणि इकोने शेवटी टाकलेले नव्या ओळीचे चिन्ह एक. म्हणून देवनागरी मजकुराचा बाइटच्या क्रमांकावरून तुकडा पाडला तर अक्षर मधोमध तुटून कचरा दिसतो. स्वल्पविरामाने विभागलेल्या याद्यांचे स्तंभ मात्र बिनधास्त वेगळे करावेत, कारण यूटीएफ-8 मध्ये कोणत्याही देवनागरी वर्णाच्या पोटात स्वल्पविरामाचा बाइट येऊच शकत नाही. विद्यार्थ्यांच्या किंवा सभासदांच्या मराठी यादीतून नावांचा स्तंभ काढून सॉर्ट व युनिक लावणे म्हणूनच निर्धोक आहे, भले टर्मिनलच्या पडद्यावर जोडाक्षरे तुटक दिसोत.

रीडलाइनच्या आवडीनिवडी घरच्या फोल्डरमधल्या ‘.इनपुटआरसी’ या फाइलमध्ये लिहायच्या असतात. तिच्यातली एकच सुधारणा करायची तर वरच्या बाणाला हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड हे काम द्यावे. मग प्रॉम्प्टवर पहिली काही अक्षरे लिहून वरचा बाण दाबला की त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या कमांड तेवढ्या येतात, आणि ओळ रिकामी असेल तर बाण पूर्वीसारखाच चालतो. फाइल बदलल्यावर कंट्रोल-एक्स व कंट्रोल-आर दाबले की नवी सेटिंग्ज लागू होतात. झेडएसएच रीडलाइन वापरत नाही, त्यामुळे ही फाइल तो पाहतही नाही. तेथे बाइंडकी ही कमांड आहे. त्याची आणखी एक खोड अशी की एडिटर या चलाच्या किमतीत व्हीआय ही अक्षरे आढळली तर तो आपणहून व्हीआय या संपादकाच्या पद्धतीच्या कळा स्वीकारतो आणि कंट्रोल-ए, कंट्रोल-आर अचानक चालेनाशा होतात. ‘बाइंडकी -ई’ ही ओळ ‘.झेडएसएचआरसी’मध्ये लिहिली की प्रश्न मिटतो.

काही कळा तर शेलच्या दारापर्यंतही येत नाहीत. ब्राउझरमध्ये उघडलेल्या क्लाउड टर्मिनलवर कंट्रोल-डब्ल्यू दाबले की शब्द राहतो आणि अख्खा टॅब बंद होतो. एकाच टर्मिनलमध्ये अनेक सत्रे चालवणारा स्क्रीन हा प्रोग्राम कंट्रोल-ए स्वतःकडे ठेवतो, म्हणून त्याच्या आत ओळीच्या आरंभी जाण्यासाठी कंट्रोल-ए दाबून नंतर साधा ए दाबावा लागतो. तशाच कामाचा टीमक्स हा प्रोग्राम त्याच रीतीने कंट्रोल-बी अडवतो. काही टर्मिनल खिडक्यांत ऑल्ट-एफ दाबल्यावर फाइल मेनू उघडतो. तेथे एस्केप दाबून, सोडून, मग एफ दाबावे, कारण ऑल्ट म्हणजे अक्षराआधी पाठवलेला एस्केपच असतो.

एखादी कळ अपेक्षेप्रमाणे वागत नसेल तर प्रॉम्प्टवर कंट्रोल-व्ही दाबून मग ती कळ दाबावी. रीडलाइन तिचा अर्थ न लावता जे आले ते जसेच्या तसे छापते. काहीच उमटले नाही तर ती खिडकीने, ब्राउझरने किंवा टीमक्सने वाटेत घेतली. बरोबर उमटले, तर आधी ‘एसटीटीवाय -ए’मध्ये ती ड्रायव्हरकडे नोंदलेली आहे का ते पाहावे, आणि तिथे नसेल तर ‘बाइंड -पी’ या कमांडच्या उत्तरात, पी मोठा लिहून, तिला कोणते काम दिले आहे ते शोधावे. मॅकवर ऑप्शन-बी दाबल्यावर पुष्कळदा ∫ हे चिन्ह उमटते. याचा अर्थ कळ पोहोचली, पण ऑल्ट म्हणून पोहोचली नाही. टर्मिनलच्या सेटिंगांत प्रोफाइलखाली कीबोर्ड या भागात ऑप्शनला मेटा कळ म्हणून वापरण्याची एक चौकट असते. ती निवडून पुन्हा कंट्रोल-व्ही आणि ऑप्शन-बी दाबावे, आता ‘^[’ आणि त्यापुढे बी दिसले, तर शब्दाने मागे जाण्याची कळ चालू झाली.